खोकला ऐकू येतो, श्वास पाहावा लागतो

नागपुरात थंडी उतरू लागली की रामदासपेठेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांबाहेरची गर्दी बदलते. उन्हाळ्यात तिथं उलट्या-जुलाबांनी सुकलेली मुलं असतात, दिवाळीनंतर कानटोप्या आणि मफलर दिसू लागतात. सेंट्रल बाजार रोडवर किंवा कॅनॉल रोडवर संध्याकाळी एक चक्कर मारा. कडेवर मूल, काखेत फाइल आणि हातात औषधांची कागदी पिशवी घेतलेले आईबाप जागोजागी भेटतील. त्यांत शहरातले असतात, गोंदिया-गडचिरोलीकडचे असतात, सीमेपलीकडून छिंदवाडा-बालाघाटहून आलेलेही असतात. धंतोली आणि रामदासपेठ हा तर नागपूरचा दवाखान्यांचाच मुलूख. पण कितीही डॉक्टर जवळ असले तरी दवाखाना रात्री बंद होतो आणि मूल घरी येतं. मग सकाळपर्यंत ते कुणाच्या हाती असतं? आईच्या, बापाच्या, आजीच्या. दिवसा अनेक घरांत सांभाळणाऱ्या बाईच्या. डॉक्टर मुलाला पाच-सात मिनिटं पाहतात, घर त्याला चोवीस तास पाहतं. प्रश्न एवढाच आहे, की नेमकं काय पाहायचं हे घराला ठाऊक आहे का?

बहुतेक घरांत सारं लक्ष खोकल्याकडे असतं. ते स्वाभाविकही आहे. खोकल्याला आवाज असतो. तो रात्री दोन वाजता सगळ्या घराला उठवतो, शेजारणीला ऐकू जातो, सकाळी दूधवालासुद्धा विचारतो, ‘‘बाळाला फार खोकला झालाय का हो?’’ मग जो तो उपाय सांगतो आणि तो आवाज बंद करण्याच्या मागे सारं घर लागतं. खरं म्हणजे खोकला हा बहुतेक वेळा मुलाचा राखणदार असतो. छातीतला कफ वर ढकलण्याचं काम तो करतो. साधी विषाणूंची सर्दी असेल तर तो आठ-पंधरा दिवसांत आपसूक ओसरतो. कधी थोडा जास्तच रेंगाळतो, पण मूल खेळतं, जेवतं, हसतं. भीती असते ती दुसऱ्या गोष्टीची आणि तिला आवाज नसतो. ती गोष्ट म्हणजे श्वास.

न्यूमोनियात काय होतं, हे एकदा समजून घ्यायला हवं. फुप्फुसात हवेचे अगदी सूक्ष्म फुगे असतात. त्यांच्यातूनच प्राणवायू रक्तात उतरतो. जंतुसंसर्ग झाला की त्यांतले काही फुगे पाण्यानं आणि पुवानं भरतात. फुप्फुस ताठर होतं, खोल श्वास घेणं जड जातं, म्हणून मूल उथळ पण भराभर श्वास घेऊ लागतं. तेवढ्यानं भागेनासं झालं की ते छातीचे आणि मानेचे सगळे स्नायू कामाला लावतं. मग श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग बाहेर येण्याऐवजी आत ओढला जातो. आपल्याकडच्या बायाबापड्या ‘पोट उडतंय’, ‘बरगड्या ओढताहेत’ म्हणतात, ‘डबा झालाय’ म्हणतात, ते हेच. त्या शब्दांमागचं निरीक्षण चोख होतं. उणीव होती ती पुढच्या उपायाची.

हा उपाय खेड्यापर्यंत कसा न्यायचा याचा वस्तुपाठ आपल्याच विदर्भानं जगाला दिला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांनी केलेल्या पाहणीत लहान मुलांच्या मृत्यूंमागे न्यूमोनिया हे फार मोठं कारण असल्याचं दिसलं. दवाखाना दूर, रस्ता नाही, पावसाळ्यात नदी आडवी. तेव्हा डॉक्टर गावात येईपर्यंत थांबायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ५८ गावांत आईबापांना न्यूमोनियाची लक्षणं समजावून सांगितली. गावातल्याच आरोग्यसेवकांना आणि सुईणींना श्वास मोजायला आणि गरज असेल तेव्हा कोट्रायमोक्सॅझोल हे अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. शेजारच्या ४४ गावांत हा उपक्रम नव्हता. निष्कर्ष १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पाच वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे न्यूमोनियानं होणारे मृत्यू जिथं उपक्रम नव्हता त्या गावांत १७.५ होते, उपक्रमाच्या गावांत ते ८.१ इतके खाली आले होते. ज्या ६१२ आजारी मुलांवर उपचार झाले, त्यांच्यात दगावण्याचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होतं. दुसऱ्या गावांत ते शेकडा साडेतेरा होतं.

ज्यांना अक्षरओळख नाही त्या सुईणींनी मिनिटाला पन्नास-साठ श्वास कसे मोजायचे, हाही एक पेचच होता. त्यावर बंगांनी मण्यांची पाटी आणि मिनिटभराचं वाळूचं घड्याळ असं एक सुटसुटीत साधन तयार केलं. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला, तर मूल धोक्यात आहे. म्हणजे दहापर्यंत मोजता आलं की काम भागलं. त्यापूर्वी पापुआ न्यू गिनीत डॉ. फ्रँक शॅन यांनी आणि १९८८ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या डॉक्टरांनी श्वासाची गती आणि आत ओढली जाणारी छाती यांवरून न्यूमोनिया ओळखता येतो, हे दाखवून दिलं होतं. स्टेथोस्कोप आणि एक्स-रे नसला तरी डोळे आणि घड्याळ यांवर पुष्कळ काही कळतं, असा त्याचा अर्थ. गडचिरोलीनं हे ज्ञान गावातल्या सुईणीच्या हाती दिलं.

मग रामदासपेठेतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते का असू नये? हिशेब साधा आहे. मूल दोन महिन्यांच्या आतलं असेल तर मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद आहे असं समजायचं. मोजताना मूल शांत हवं. रडून झाल्यावर लगेच किंवा दूध पिताना मोजू नये. झोपेत सर्वांत सोपं. स्वेटर आणि झबलं वर करून छाती-पोट उघडं करावं, उजेड पुरेसा असावा. पोट एकदा वर येऊन खाली गेलं की एक श्वास. मोजायचं पूर्ण एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणू नये, कारण तान्ह्या मुलांचा श्वास मुळातच एकसारखा चालत नाही. आकडा जास्त आला तर थोड्या वेळानं पुन्हा मोजावं. तापातही श्वास वाढतो, म्हणून ताप उतरल्यावर आणखी एकदा मोजावं. पण मूल धापा टाकत असेल, तर मोजण्यात वेळ घालवू नये.

श्वास जलद दिसला की त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. आणि काही खुणा अशा आहेत, की तेव्हा सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. छाती आत ओढली जाणं, दर श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येणं, शांत असतानाही श्वास घेताना घशातून घरघर ऐकू येणं, ओठ किंवा जीभ निळसर पडणं, दूध किंवा पाणी पिणं थांबणं, घेतलेलं सगळं उलटून पडणं, झटके येणं, हाक मारली तरी नीट जाग न येणं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा तर नियमच वेगळा. त्याला ताप आला, अंग गार पडलं, त्याचा श्वास जलद झाला किंवा त्यानं अंगावर पिणं कमी केलं, तर घरच्या उपचारांचा विचारसुद्धा करू नये.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागातली लहान मुलं नागपूरच्या रुग्णालयांत येऊ लागली. सुरुवात साध्या सर्दी-तापानं झाली होती. मग लघवी थांबली, मूत्रपिंडं निकामी झाली. त्यांना ‘कोल्ड्रिफ’ नावाचं खोकल्याचं औषध दिलेलं होतं. तामिळनाडूत बनलेल्या त्या औषधाच्या तपासणीत डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के आढळलं. चालतं ते ०.१ टक्क्यापर्यंत. वीसहून अधिक मुलं दगावली, त्यांतली कित्येक आपल्या या शहरात. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीननं १४ रुग्णांचा बळी घेतला होता, तेव्हाही विष हेच होतं. लेंटिन आयोग बसला, अहवाल आला. पण चाळीस वर्षांनी पुन्हा तेच घडलं.

भेसळ करणाऱ्यांचा आणि तपासणीत कुचराई करणाऱ्यांचा गुन्हा मोठाच आहे. तो सरकारनं आणि न्यायालयांनी पाहायचा. पण घरानं विचार करावा अशी एक गोष्ट उरतेच. ते औषध शुद्ध असतं तरी त्या मुलांना त्याची गरज होती का? केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं त्या ऑक्टोबरमध्ये राज्यांना सूचना दिली, की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. ही औषधं लहान मुलांचा आजार बरा करत नाहीत. काही औषधांनी गुंगी येते, मूल निपचित पडतं आणि घराला वाटतं उतार पडला! परासियातल्या आईबापांना दोष देणं हा अन्याय होईल. त्यांना औषध लिहून मिळालं होतं, त्यांनी ते विश्वासानं दिलं. परंतु ‘डॉक्टरसाहेब, खोकल्याचं काहीतरी लिहून द्याच’ असा हट्ट आपल्यातले किती जण धरतात? बाटली लिहून न देणारा डॉक्टर आपल्याला अर्धवट वाटतो, हेही तितकंच खरं.

१९८८ साली गडचिरोलीत मुलं दगावत होती, कारण हवं ते औषध वेळेवर पोचत नव्हतं. २०२५ साली परासियात ती दगावली, कारण नको ते औषध वेळेवर पोचलं. श्वास जलद आहे की नुसता खोकला आहे, हा प्रश्न औषधाच्या आधी विचारला गेला तर दोन्हीकडची मुलं वाचू शकतात. तो विचारायला पदवी लागत नाही.

डॉक्टरांनी तपासून ‘घरीच राहू द्या’ असं सांगितलं, तर घरात करायचं तरी काय? अँटिबायोटिक दिलं असेल तर ते लिहिलेल्या मात्रेनं, लिहिलेले सगळे दिवस द्यावं. आता न्यूमोनियासाठी सहसा अमॉक्सिसिलिन देतात. त्याच्या भुकटीच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंतच घालावं, दर वेळी बाटली हलवावी, औषध सोबतच्या मापानंच द्यावं. चहाचे चमचे घरोघर वेगळे असतात. थोरल्याची उरलेली बाटली धाकट्याला देऊ नये. आणि साध्या सर्दीला डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नाही, तर ते मागू नये. विषाणूंवर त्याचा काही उपयोग होत नाही.

बाकीचं सगळं आजीच्या हातातलं आहे. अंगावर पिणाऱ्या बाळाला थोडं थोडं पण वारंवार पाजावं. नाक चोंदलं असेल तर पाजण्याआधी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या मिठाच्या पाण्याचे थेंब नाकात घालावेत. श्वास मोकळा झाला की मूल पितं. मोठ्या मुलाला पेज, वरणाचं पाणी, मऊ खिचडी, जे खाईल ते द्यावं. ‘थंड पडतं’ म्हणून केळं आणि दही बंद करता करता मुलाचं जेवणच बंद होतं, तसं होऊ देऊ नये. वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला चमचाभर मध चालतो, खोकल्यावर त्यानं बरं वाटतं. वर्षाच्या आत मात्र मधाचं बोटही नको. तापाचं औषध वजनाप्रमाणे डॉक्टर सांगतील तेवढंच.

आजीच्या बटव्यातलं काही बाजूलाही ठेवावं लागेल. नाकात तेल सोडू नये, ते फुप्फुसात उतरलं तर त्यानंच न्यूमोनिया होतो. कापूर लहान मुलाच्या पोटात गेला तर विषासारखा बाधतो. उकळत्या पातेल्याची वाफ देताना मुलं भाजतात. थेंबभर ब्रँडीचाही मोह नको. आणि शेगडीची धुरी, उदबत्ती, डासांची कॉइल, घरातली विडी-सिगारेट यांतलं काहीही आजारी मुलाच्या खोलीत नको. कोराडी-खापरखेड्याच्या चिमण्या आपल्या हातात नाहीत, पण घरातला धूर आपल्या हातात आहे. मुलाला ऊब द्यावी, पण चार स्वेटरांत असं गुंडाळू नये की छाती दिसणारच नाही.

कोविडनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं, नेब्युलायझरही आले. मोठ्यांच्या बोटाचा तो चिमटा तान्ह्याच्या बोटावर नीट बसत नाही, त्याचा आकडा फसवा असू शकतो. नेब्युलायझरमधलं औषध छातीत शिट्टी वाजत असेल तेव्हा डॉक्टर देतात. न्यूमोनिया त्यानं बरा होत नाही. शेजाऱ्याचं यंत्र उसनं आणून लावणं म्हणजे उपचार नव्हे.

बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाचा वहीवर जरा जास्तच विश्वास असतो, हे मान्य. तरी एक सुचवतो. आजारी मुलासाठी एक छोटी वही घालावी. वेळ, श्वास, ताप, किती प्यायलं, लघवी किती वेळा झाली, औषध कुणी आणि केव्हा दिलं. दिवसा आजी, संध्याकाळी आई, रात्री बाबा अशा पाळ्या असलेल्या घरात एक मात्रा दोनदा दिली जाते किंवा दिलीच जात नाही. ‘कसा होता दिवसभर?’ ‘बरा होता’ या संवादातून डॉक्टरांच्या हाती काही लागत नाही. ‘काल दुपारी श्वास ५४ होते, आज सकाळी ४४’ या एका ओळीतून लागतं. अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन-तीन दिवसांत श्वास मंदावायला हवा, भूक परतायला हवी. तसं होत नसेल तर वही घेऊन पुन्हा दवाखाना गाठायचा. आणि दोन आठवड्यांनंतरही खोकला हटला नाही, तर क्षय किंवा दमा नाही ना, याची तपासणी करून घ्यायची.

यावर कुणी म्हणेल, की घरोघर अर्धे डॉक्टर तयार करून तुम्ही उशीरच वाढवाल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. गडचिरोलीत उपचार गावात झाले, कारण दवाखाना आवाक्यात नव्हता. रामदासपेठेत ती सबब नाही. इथं श्वास मोजायचा तो औषध ठरवायला नव्हे, निघायचं केव्हा ते ठरवायला. ज्या घराला मोजता येतं ते उगाच धावत नाही आणि धावायचं तेव्हा थांबत नाही.

शेवटी आणखी एका घराबद्दल बोलायला हवं. आपलं मूल दिवसभर जिच्या कडेवर असतं तिचंही मूल असतं. ते वस्तीतल्या एका खोलीत थोरल्या बहिणीच्या स्वाधीन असतं. त्याला खोकला झाला की ती काय करते? काम बुडालं तर पगार कापला जाईल, म्हणून दुकानातून बाटली घेते आणि कामावर येते. त्या खोलीतलं आजारपण आपल्याला दिसत नाही, पण त्याचा उशीर अंशतः आपण लादलेला असतो. गडचिरोलीत नवजात बाळांसाठी झालेल्या अशाच प्रयोगातून धडा घेऊन २०११ पासून देशभर ‘आशा’ कार्यकर्त्या बाळंतिणींच्या घरी जाऊ लागल्या. न्यूमोनियाची न्यूमोकोकल लसही २०२१ पासून सरकारी लसीकरणात आली. सहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला आणि नवव्या महिन्यात ती फुकट मिळते. हे तिला आपण सांगितलं आहे का? श्वास मोजायला आपल्या मुलावर शिकवलं, तर तिच्या मुलाच्याही कामी येईल. आणि तिचं मूल आजारी असेल त्या दिवशी पगारी सुटी देणं हे उपकार मानायचं कारण नाही, तो घरखर्चातला सर्वांत स्वस्त विमा आहे. जगात आजही दर वर्षी सात लाखांहून जास्त लहान मुलं न्यूमोनियानं दगावतात. ती बहुतेक अशाच खोल्यांतली असतात.

आज रविवार आहे. दुपारी मूल जेवून झोपलं की त्याच्याजवळ बसा, झबलं जरा वर करा आणि घड्याळ लावून एक मिनिट त्याचे श्वास मोजा. सांभाळणारी बाई असेल तर उद्या तिलाही शेजारी बसवा, घरात आजी-आजोबा असतील तर त्यांनाही. मूल धडधाकट असतानाच मोजा आणि आकडा कुठंतरी लिहून ठेवा. थंडीतल्या एखाद्या रात्री दोन वाजता तो आकडा हाताशी असेल, तर घाबरायचं की निवांत राहायचं, हे कुणालाही विचारावं लागणार नाही.